घुशीनं हौदाखाली पोखरलंय, पाणी चाललंय, काय करू? (जुळे सोलापूर)

अंगणातली_जास्वंद (सोमवार, रात्री ९.५०)

नमस्कार मंडळी, लांबणार आहे हे आधीच सांगते, पण सगळं सविस्तर लिहिल्याशिवाय तुम्ही तरी काय सांगणार.

आमचं घर जुळे सोलापुरात, २२ वर्षांपूर्वी सासऱ्यांनी बांधलेलं. पुढं अंगण, मागं परस, परसात शेवगा, कढीपत्ता, सीताफळ आणि कंपाउंडला लागून जास्वंदीची रांग. नळाला पाणी चार दिवसाआड, त्यामुळं इथल्या सगळ्यांसारखा आमचाही जमिनीत हौद आहे, ५ हजार लिटरचा, विटांचा, आतून सिमेंटचं प्लास्टर. पितृपक्षातल्या पावसानंतर या हौदाच्या कडेला रोज सकाळी ताजा उकीर दिसायला लागला. भाजणीच्या पिठासारखी भुसभुशीत माती, आणि ती झाडून काढली की खाली मूठ जाईल एवढं भोक. सासूबाई बघताक्षणी म्हणाल्या, ही घूस.

आता मुख्य गोष्ट. शनिवारी नळ आला, हौद काठोकाठ भरला, झाकण लावलं आणि आम्ही दोन दिवस पंढरपूरला गेलो. घरात कोणी नाही, मोटार बंद. आज दुपारी येऊन झाकण काढलं तर पाणी वीतभर खाली! हौदाशेजारची शहाबादी फरशी पण एका कोपऱ्यात दबलीय, पाय दिला की डबडब वाजतं, म्हणजे खाली पोकळ झालंय. माझ्या पोटात गोळाच आला. चार दिवस पुरवायचं पाणी असं मातीत जाताना बघवत नाही हो.

आतापर्यंत केलेले उपाय: बिळात डांबरगोळ्या टाकल्या, तिने त्या उकिरासोबत बाहेर ढकलून दिल्या. लाल तिखट टाकलं, काही नाही. फुटक्या बाटल्यांच्या काचा कोंबून वरून चिखल लावला, दुसऱ्या दिवशी हातभर अंतरावर नवीन भोक. ऑनलाईन मागवलेलं आवाजाचं मशीन महिनाभर लावलंय, त्याच्या वायरीजवळच एक उकीर आहे.

घरात सहा वर्षांचा मुलगा आणि काळू नावाचा कुत्रा, दोघं दिवसभर अंगणात, म्हणून औषध टाकायला हात धजावत नाही. गवंडी म्हणतो बिळात पाईप सोडून पाणी भरा, घूस बाहेर पडेल मग सिमेंट ओता. करू का तसं? कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

मालदांडी (सोमवार, रात्री १०.३५)

ताई पाणी सोडू नका, हात जोडून सांगतो. आपली माती काळी, ओली झाली की फुगती आन वाळली की आकसून भेगा पडत्यात. बीळ म्हंजे काय सरळ नळी नसती, आत चार-पाच फाटं असत्यात, एक पिल्लांची जागा, एक दाणं साठवायची, आन एखादं पळायचं तोंड असतंय, वरनं पातळ मातीनं झाकल्यालं, ते तुमाला दिसत पण न्हाई. तुमी पाणी सोडलं की घूस त्या तोंडातनं निघून जाती, आन पाणी बसतंय हौदाच्या बुडाखाली. आज वीतभर चाललंय ते उद्या हौदच एका अंगाला कलायचा. शेताच्या बांधाला चालतंय ते घराच्या पायाला चालत न्हाई.

आमचं रान मंगळवेढ्याकडं. लहानपणी ज्वारी काढून झाली की आज्जी आमाला घिऊन बिळं उकरायला जायची, आत कणसं अशी कापून रचून ठेवल्याली असायची, कोयत्यानं कापल्यागत साफ. एका बिळात पाटीभर कणसं मी स्वता काढल्यात. तवा ही काय येडी जात न्हाई, तिला तुमच्या अंगणात काहीतरी खायला मिळतंय म्हणूनच ती ऱ्हायलीय.

पयलं काम एवढंच करा. उद्या संध्याकाळी जेवढी तोंडं दिसत्यात तेवढी सगळी ओल्या मातीनं बुजवा, काचा बिचा काय न्हाई, नुसती माती. सकाळी बघा कुठलं उघडलंय. जे उघडलं ते जितं बीळ, बाकीची सोडल्याली. दोन दिवस असं करा म्हंजे घूस कुठं ऱ्हाती ते नेमकं कळतंय. आन बिळात हात घालायचा न्हाई, कुणीच न्हाई. घुशीच्या बिळात नाग, घोणस, मण्यार काय पण येऊन बसतंय, उंदरामागं साप हे ठरल्यालं हाय. पोराला चार दिस तिकडं फिरकू देऊ नका.

एकच_नंबर (सोमवार, रात्री ११.०५)

एवढा ताप कशाला. ती धान्यात ठेवायची गोळी मिळते ना, दोन गोळ्या बिळात टाका, वरून चिखल मारा, सकाळी विषय संपला. आम्ही तसंच करतो.

होटगीरोड_पेस्ट (मंगळवार, सकाळी ७.१५)

वरचा प्रतिसाद कृपया कोणीही करून बघू नका. मी १६ वर्षं पेस्ट कंट्रोलच्या कामात आहे आणि हे वाचून रात्री झोप लागली नाही म्हणून सकाळी पहिलं इथे लिहितोय.

ती गोळी म्हणजे अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईड. ओलाव्याशी गाठ पडली की त्यातून फॉस्फीन नावाचा विषारी वायू सुटतो. त्याला उतारा नाही, जगात कुठेच नाही. मघाशी मालदांडी भाऊंनी सांगितलं तसं बिळाला फाटे असतात आणि काळ्या मातीला भेगा. म्हणजे तुम्ही अंगणात टाकलेल्या गोळीचा वायू फरशीच्या सांध्यातून, पाईपच्या बाजूच्या फटीतून बेडरूममध्ये येऊ शकतो आणि माणसं झोपेत असतात. घरात ठेवलेल्या किंवा शेजारच्या खोलीत टाकलेल्या या गोळ्यांनी लहान मुलं गेल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनीच वाचल्यात. म्हणूनच ही गोळी सामान्य माणसाला विकायची परवानगी नाहीये, सरकारी यंत्रणा आणि प्रशिक्षित लोकांपुरतीच आहे, आणि आम्ही सुद्धा राहत्या घराला लागून ती वापरत नाही. दुकानात कोणी हळूच कागदात गुंडाळून दिली तरी घेऊ नका. एकच_नंबर भाऊ, राग मानू नका, पण तुमच्या घरी उरलेल्या असतील तर त्या आधी मुलांच्या हाताबाहेर न्या, ओल लागू देऊ नका आणि एखाद्या परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवून त्याच्या ताब्यात द्या. नाल्यात, कचऱ्यात टाकू नका.

दुसरी काळी पावडर मिळते ती झिंक फॉस्फाईड, हिला लसणासारखा वास येतो. ही पोटात गेल्यावर तोच वायू तयार होतो. शेतात भरड्यात दोन टक्के मिसळून वापरतात, तेही आधी दोन दिवस बिनविषाचं खायला घालून सवय लावावी लागते, नाहीतर घूस एकदा थोडंसं चाटून आजारी पडते आणि पुन्हा त्या खाण्याला तोंड लावत नाही. अंगणात कुत्रा आणि मूल असताना हिचं नाव पण काढू नका. आणि ट्यूबमधली जी पेस्ट पावाला लावून ठेवतात, तिच्यात पिवळा फॉस्फरस असला तर मुलाचं यकृत जातं.

वहिनी, तुमच्यासाठी पिंजरा. पण उंदराचा छोटा नको, घुशीचा मोठा, जाड तारेचा. घूस नव्या वस्तूला बिचकते. पिंजरा आणला, लावला, दोन दिवसात काही सापडलं नाही, माळ्यावर टाकला, असं दहातल्या आठ घरात होतं. तुम्ही काय करायचं, पिंजऱ्याचं दार सुतळीनं उघडं बांधून ठेवायचं आणि तीन रात्री आत नुसतं खायला ठेवायचं. ती बिनधास्त आत येऊन खाऊन जायला लागली की चौथ्या रात्री सुतळी सोडायची. पिंजरा भिंतीला चिकटून, कारण ती उघड्यावरून जात नाही, भिंतीला अंग घासत जाते. कंपाउंडच्या खालच्या बाजूला तेलकट काळपट पट्टा दिसतोय का बघा, तोच तिचा रस्ता. वरून गोणपाट टाका. हाताळताना हातमोजे.

एकच_नंबर (मंगळवार, सकाळी ८.००)

बरं झालं सांगितलंत. खरंच माहिती नव्हतं. घरी डबीत चार आहेत, तिजोरीवर ठेवलेल्या. वर पोरांच्या हाताला लागत नाहीत पण त्याच खोलीत झोपतात. आजच बघतो. तुमचा नंबर मेसेजमध्ये पाठवा.

पूर्वभाग_लूम (मंगळवार, दुपारी १.२०)

आमच्याकडे अशोक चौकाच्या मागे कारखाने आणि घरं एकत्रच, खाली लूम वर बिऱ्हाड. सुताला खळ लावलेली असती ना, त्या खळीच्या वासावर उंदीर घुशी सगळं येतं. आम्ही घरात तेलुगू बोलतो, आमच्यात घुशीला पंदिकोक्कु म्हणतात, पंदि म्हणजे डुक्कर आणि कोक्कु म्हणजे उंदीर, डुकरासारखी गुरगुरती म्हणून. इंग्रजीतला बँडिकूट हा शब्द पण याच्यावरूनच गेलाय, डिक्शनरीत दिलेलं आहे. म्हणजे सायबाला पण ती आमच्याच लोकांनी दाखवली.

खायला काय ठेवायचं ते सांगतो. भजी, पाव, टोमॅटो सगळं करून झालंय. शिळी भाकरी तेलात चुरून त्याला शेंगाची चटणी लावायची, आपली खलबत्त्यात कुटलेली, तेल सुटलेली. त्या वासाला ती राहूच शकत नाही. पुडी करून फडक्यात बांधायची आणि हुकाला घट्ट तारेनं गुंडाळायची म्हणजे तिला ओढावं लागतं, नुसतं ठेवलं तर अलगद काढून नेती.

आणि रात्री कुत्र्याची थाळी बाहेर असती का तुमच्याकडे?

अंगणातली_जास्वंद (मंगळवार, दुपारी ३.१०)

असते 😔 काळूला रात्री दूध-भाकरी घालतो, अर्धी खातो, अर्धी तशीच सकाळपर्यंत. शिवाय सासूबाई गायीसाठी भाकरी-भाजीचं कंपाउंडवर ठेवतात, कबुतरांना ज्वारी टाकतात, आणि परसात मी ओल्या कचऱ्याचा खड्डा केलाय खताचा. आता तुम्ही विचारल्यावर मोजलं तर चार ठिकाणी ताट वाढून ठेवलंय आम्हीच. सासूबाईंना सांगणं थोडं अवघड आहे पण सांगते.

सातरस्ता_पशुवैद्य (मंगळवार, रात्री ९.३०)

कुत्र्याचा उल्लेख वाचला म्हणून लिहितोय. निळ्या, हिरव्या रंगाचे केक मिळतात ते बहुतेक ब्रोमॅडिओलोनचे, ०.००५ टक्के. लोकांना वाटतं हे सौम्य आहे. यानं रक्त गोठायचं थांबतं आणि घूस चार ते आठ दिवसांनी मरते, त्यामुळं तिला खाण्याचा संशय येत नाही, म्हणून ते चालतंही. पण कुत्र्यानं तो केक खाल्ला किंवा अशा मरायला टेकलेल्या घुशी वारंवार खाल्ल्या तर त्याचंही रक्त तसंच पातळ होतं.

मागच्या पावसाळ्यात माझ्याकडे एक लॅब्राडोर आणली होती. मालक म्हणाले दोन दिवस झाले खात नाही, बाकी काही नाही. ओठ वर करून बघितला तर हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या, आणि टेबलावर तिनं जिथं नाक टेकवलं होतं तिथं रक्ताचा बारीक थेंब. विचारलं घरी उंदराचं औषध टाकलंय का, तर नाही म्हणाले. मग मुलीनं सांगितलं की शेजारच्यांनी टाकलंय. व्हिटॅमिन के-१ हा याच्यावरचा उतारा आहे, इंजेक्शन आणि पुढं चार आठवडे गोळ्या, ती वाचली. दोन दिवस आधी आणली असती तर रक्त द्यावं लागलं नसतं. म्हणून सांगतो, औषध टाकलं असेल तर पाकीट फेकू नका, डॉक्टरकडं घेऊन या, आणि शेजाऱ्यांनाही सांगा. माणसाचं काही झालं तर घरी उलट्या काढत, दूध पाजत बसू नका, पाकिटासकट थेट सिव्हिलला.

घुबडांचंही तेच होतं. गव्हाणी घुबड आणि पिंगळा आपल्या गावात अजून आहेत, जुन्या मिलच्या पडक्या भिंतीत, विहिरींच्या कपारीत राहतात, आणि गव्हाणी घुबडाचं तर रोजचं खाणंच उंदीर. विषानं सुस्तावलेली घूस त्यांना सगळ्यात आधी सापडते. जो आपलं काम फुकट करतोय त्यालाच आपण मारतोय, हे मला फार लागतं.

मालदांडी (मंगळवार, रात्री १०.१०)

डॉक्टरसाहेब एकदम बरोबर. आमच्या हरभऱ्यात आमी इंग्रजी टी सारख्या काठ्या रोवतो, रातीला घुबड येऊन बसतंय. आन धामण दिसली की लोक काठी घिऊन धावत्यात, ती बिनविषारी, घुशीच्या बिळात शिरून पिल्लं खाती, तिला मारू नका रे बाबांनो. कायद्यानं पण बंदी हाय.

अजून एक सांगायचंय. पिंजऱ्यात सापडली की शहरातले लोक गाडीवर आणून डोणगाव, कुमठे, बाळ्याच्या पलीकडं माळाला सोडत्यात. तो माळ न्हाई हो, आमची राने हैत. तीन आठवड्यात वितीय ती, एका येताला सात-आठ पिल्लं.

ओळंबा (बुधवार, सकाळी ६.४०)

मी बांधकाम खात्यातून निवृत्त ओव्हरसीयर. सगळ्यांनी घुशीचं छान सांगितलं, मी हौदाचं आणि ड्रेनेजचं बोलतो कारण मला वाटतं मूळ तिथं आहे.

ताई, २२ वर्षांपूर्वीचं बांधकाम म्हणजे संडास-मोरीचे पाईप चिनीमातीचे असणार, दोन-दोन फुटांचे तुकडे सिमेंटनं जोडलेले. जवळ शेवगा आहे म्हणता. शेवग्याच्या मुळ्या सांध्यात घुसतात, सांधा उकलतो, तिथून पाणी झिरपून माती मऊ होते आणि घुशीला आयता बोगदा मिळतो. गटारीतून ती चेंबरमध्ये, चेंबरमधून फुटक्या पाईपनं तुमच्या अंगणात. तुम्ही दहा मारा, रस्ता उघडा असेपर्यंत अकरावी येणारच.

तपासायची सोपी रीत आहे. कपड्याची नीळ घ्या, बादलीभर पाण्यात गडद कालवा, मोरीतून ओता, पाठोपाठ दोन बादल्या साधं पाणी. मग उघड्या बिळापाशी उभं राहून बॅटरीनं बघा. माती निळी झाली तर पाईप तिथंच फुटलाय.

हौदासाठी खडू. आतल्या भिंतीवर पाण्याच्या पातळीला रेघ मारा, १२ तास मोटार लावू नका, मग बघा. आणि हौद गळतोय याचा अर्थ पाणी नुसतं बाहेर जातंय असा घेऊ नका. हौदातलं पाणी खाली गेलं की बाहेरची ओल त्याच फटीतून आत येते. तुम्ही ते पाणी पिता का?

अंगणातली_जास्वंद (बुधवार, रात्री ११.२०)

काका, कसं लिहू कळत नाहीये.

संध्याकाळी नीळ ओतली. मी हौदापाशी बॅटरी घेऊन, मिस्टर मोरीत. दुसरी बादली ओतल्यावर काहीच नव्हतं, मी म्हटलं देवा कृपा, पाईप नीट आहे. आणि मग साधारण चार-पाच मिनिटांनी बिळाच्या तोंडाशी माती ओलसर झाली, आधी नुसती काळी, मग कडेनं निळसर, आणि मग हळूहळू स्वच्छ निळं पाणी वर आलं, हौदाच्या भिंतीपासून फूटभर अंतरावर. मोरीचं आणि संडासचं पाणी एकाच लाईननं जातं आमच्याकडे. हेच पाणी आम्ही पितो, गाळून फक्त. मुलाला महिन्यात दोनदा जुलाब झाले होते आणि मी बाहेरचं खाणं बंद केलं होतं त्याचं.

आज रात्रीपासून जार मागवलाय. खडूची रेघ मारून ठेवलीय. तोंडं बुजवली होती त्यातली सकाळी दोन उघडली, एक हौदाजवळ एक शेवग्याखाली, बाकी पाच तशीच. पिंजरा लक्ष्मी मंडईजवळून आणला, दार बांधून ठेवलंय, आत भाकरी-चटणी. काळूची थाळी घरात घेतली. सासूबाईंना नीळ दाखवली, त्या काहीच बोलल्या नाहीत, उठल्या आणि कंपाउंडवरचं भाकरीचं भांडं उचलून आत घेऊन गेल्या.

सातरस्ता_पशुवैद्य (गुरुवार, सकाळी ८.०५)

मुलाला एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या आणि हे सगळं त्यांना सांगा. घुशीच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होतो, ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात पायाला जखम असली तर त्यातून शिरतो. ताप, अंगदुखी, डोळे लाल असं काही वाटलं तर पावसाचा ताप म्हणून अंगावर काढू नका. काम करणाऱ्यांनीही गमबूट घाला. काळूला त्याची लस मिळते, वार्षिक लसीत असते, दिलीय का बघा.

पूर्वभाग_लूम (गुरुवार, सकाळी ९.००)

अक्का धीर धरा, सापडलं ते बरं झालं. कित्येकांना आयुष्यभर कळत नाही.

ओळंबा (गुरुवार, सकाळी ९.३०)

घाबरून एकदम सिमेंट ओतू नका. क्रम महत्त्वाचा. घूस आत असताना बीळ बुजवलं तर ती दुसरीकडून निघणारच, आणि आत मेली तर वास हौदाशेजारी. आधी पिंजरा, मग पाईप, मग बीळ, शेवटी हौद.

पाईप चेंबरपासून चेंबरपर्यंत पूर्ण पीव्हीसीचा टाका, फुटला तेवढाच बदलू नका. चेंबरची झाकणं हलत असतील तर कडा सिमेंटनं नीट करून घ्या, आणि शेवटच्या चेंबरला, जिथून लाईन रस्त्याकडं जाते तिथं, एका बाजूनं उघडणारं झडप मिळतं ते बसवा, पाणी बाहेर जातं पण बाहेरून प्राणी आत येत नाही. बिळं उकरून काढा, जेवढी सापडतील तेवढी, खडी आणि मुरूम थराथरानं धुमसून भरा. हौदाच्या चारी बाजूंनी दोन फूट खोल चर घेऊन अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी उभी लावा, खालचं टोक बाहेरच्या अंगाला फूटभर वळवलेलं, एल सारखं. घूस उकरत खाली येते, जाळीला अडते, पण मागं सरकून उकरायचं तिला सुचत नाही. कोंबडीची षटकोनी जाळी आणू नका, ती महिन्यात कुरतडून, गंजून जाते. वर दोन फूट रुंद काँक्रीटचा पट्टा. हौदाला आतून वॉटरप्रूफ प्लास्टर, पंधरा दिवस ओलं ठेवून.

शेवगा काढावा लागेल ताई. वाईट वाटतं, पण पाईपवर शेवगा नको. फांद्या ठेवा, दुसरीकडं लावा, शेवगा फांदीनं सहज येतो.

अंगणातली_जास्वंद (रविवार, दुपारी ४.३०)

शनिवारी रात्री सुतळी सोडली. दोन वाजता पिंजऱ्याचा खाडकन आवाज. बॅटरी मारली तर आत ही एवढी मोठी, शेपूट सोडून वीतभर तरी असेल, मातकट करडी, पाठीवरचे केस राठ आणि ताठ उभे, आणि खरंच डुकरासारखी गुरगुरत होती. पूर्वभाग दादांनी सांगितलेलं आठवलं. पिंजऱ्याची तार दातात धरून ओढत होती, तारेवर दातांच्या खुणा दिसतायत सकाळी. मला भीती वाटली आणि तिची कीवही आली, दोन्ही खरं सांगते. होटगी रोडच्या भाऊंना फोन केला, ते सकाळी येऊन घेऊन गेले, रानात सोडली नाही.

होटगीरोड_पेस्ट (रविवार, संध्याकाळी ६.००)

मादी होती, दूध असलेली. म्हणजे पिल्लं आत आहेत आणि मोठी असतील तर तीही बाहेर पडतील. पिंजरा उकळत्या पाण्यानं धुवा आणि लावायचं थांबवू नका. अजून दोन तरी मिळतील. मिळाल्या की मला बोलवा, लांब पडत नाही. एकच_नंबर भाऊंकडच्या गोळ्या पण परवा जाऊन घेऊन आलो.

अंगणातली_जास्वंद (पुढच्या रविवारी, रात्री ९.१५)

अजून तीन मिळाल्या, एक मोठी दोन लहान. गुरुवारी बिळं बुजवली होती त्यातलं शुक्रवारी एकही उघडलं नाही, शनिवारी पण नाही, म्हणून आज काम काढलं.

शेवग्याखाली उकरलं तेव्हा दोन-अडीच फुटांवर घरटं सापडलं. प्लास्टिकच्या पिशव्यांच्या बारीक बारीक चिंध्या, नारळाच्या शेंड्या, तुळशीपाशी लावलेल्या वाती, आणि मधोमध मुलाचा शाळेचा एक पायमोजा, पांढरा, ज्याच्यासाठी मी त्याला जूनमध्ये ओरडले होते. बाजूच्या खोबणीत भुईमुगाची टरफलं आणि ओंजळभर ज्वारी, कबुतरांची. घरट्याच्या खालीच पाईपचा सांधा, मुळीनं असा फोडलेला की त्यात माझा हात गेला असता. घातला नाही, मालदांडी भाऊ.

शेवगा तोडला. सासूबाई सकाळपासून देवघरातून बाहेर आल्या नाहीत, सासऱ्यांनी लावलेला होता. तीन फांद्या कंपाउंडच्या पलीकडच्या कोपऱ्यात लावल्यात, तिथं कुठलाच पाईप नाही.

ओळंबा (रविवार, रात्री ९.५०)

आईंना सांगा, शेण आणि माती लावून ठेवा फांद्यांच्या वरच्या टोकाला, लवकर फुटतात. पाणी बेतानं.

अंगणातली_जास्वंद (पाच आठवड्यांनी, मंगळवार, सकाळी १०.००)

शेवटचं अपडेट देते, धागा अर्धवट सोडायचा नव्हता.

पाईप पूर्ण बदलला, झडप बसवलं, जाळी आणि काँक्रीटचा पट्टा झाला, हौद घासून आतून प्लास्टर, पंधरा दिवस ओला ठेवला. तोपर्यंत दोन प्लास्टिकच्या टाक्यांवर आणि टँकरवर भागवलं, सोपं नव्हतं. एकूण खर्च ४१ हजार, त्यात सगळ्यात जास्त पाईप आणि मजुरी. पिंजऱ्याचे साडेतीनशे. मुलाच्या तपासण्या नॉर्मल आल्या. हौदाचं पाणी तरी अजून उकळूनच पितो, सवय ठेवलीय.

शनिवारी नळ आला. हौद भरून खडूची रेघ मारली आणि ठरवून तीन दिवस मोटार लावली नाही, टाक्यांमधलं पाणी वापरलं. आज सकाळी झाकण काढून सासूबाईंनाच आधी बघायला लावलं. पाणी रेघेला टेकलेलं आहे, बोटभर सुद्धा खाली नाही.

मागच्या गल्लीतल्या काकूंच्या परसात काल ताजा उकीर दिसलाय, त्यांचीही लाईन जुनीच आहे. नीळ आणि खडूचं त्यांना समजावून सांगितलं. पिंजरा उकळत्या पाण्यानं धुवून वाळवलाय, संध्याकाळी नेऊन देतेय, दार बांधायची सुतळी त्यालाच गुंडाळून ठेवलीय.